पराते आणि प्रॉपर चॅनेल

पराते पहिल्यांदा लायब्ररीत आला तो चपला हातात घेऊन. मी म्हटलं, "अहो, इथे चपला चालतात." तर म्हणतो, "तुमच्या लायब्ररीत चालते हो बाई. पण आजपासून अर्धी लायब्ररी माही आहे. तिथं नाही चालत."

मागोमाग सुतार आले. दुपारपर्यंत माझ्या संदर्भ विभागाच्या जागी प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे एअरकंडिशनर घरघरायला लागला. मी नोकरीला लागल्यापासून एक टेबलफॅन मागत होते. नागपूरच्या मे महिन्यात माणसाला पंखा मिळत नाही आणि यंत्राला थंडी मिळते, हे पाहून माझा नुसता तिळपापड झाला. पण त्याच महिन्यात आमच्या समस्त वरिष्ठ अधिकाऱ्यांना संगणकाची गोडी लागली. जेवणानंतर एकेक जण बूट काढून मोज्यांवर आत जायचा, खुर्चीत रेलायचा आणि डोळे मिटून संगणकाचा अभ्यास करायचा. जूनअखेरीस ही गोडी आपोआप ओसरली.

आमची संस्था सरकारी. विटा, चुना, सिमेंट, वीजकेंद्रातली राख यांच्यावर संशोधन करणारी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आणि दिल्लीहून फर्मान निघालं की संस्थांनी आता संगणकावरून पत्रव्यवहार करावा. म्हणून मशीन आलं आणि मशीन लावायला पराते आला. उमरेडचा, विणकराच्या घरातला. वडील, काका सगळे मागावर. हा एकटा शिकून प्रोग्रामर झालेला. रोज एसटीने ये-जा. संध्याकाळी साडेपाचला समोर साक्षात डायरेक्टर बोलत असले तरी हा डबा उचलायचा. "सर, बाकीचं उद्या. एसटी कोणाची वाट पाहत नाही."

नम्रपणा त्याच्या अंगाला लागलेला नव्हता. एकदा मी विचारलं, हे काम नागपुरात आणखी कुणाला येतं का? जराही न लाजता म्हणाला, "दोघांले येते. एक मी. दुसऱ्याची बदली झाली."

मशीनशी तो माणसासारखा बोलायचा. सकाळी आल्या आल्या, "उठ गा बाप्पा, किती झोपतं?" बिघडलं की, "काहून रुसून राहिला बे?" आणि अगदीच हट्टाला पेटलं तर जे काही बोलायचा ते प्लायवूडमधून मला ऐकू यायचं आणि मी मोठ्याने कपाटं उघडझाप करायची. मशीन कसं वागेल ते ठरवणारी नियमांची एक लांबच लांब फाइल होती. तिला तो पोथी म्हणायचा. मी एकदा पडद्यावर डोकावले. सगळे ठिपके, कंस आणि डॉलरच्या खुणा, वाचता येईल असा शब्द एक नाही. म्हटलं, "हे तुम्हाला कळतं?" म्हणाला, "कळते म्हणूनच तर झोप येत नाही."

व्यवस्था तशी साधी होती. प्रत्येकाची मशीनच्या पोटात एक पेटी. इमारतीत चार-पाच ठिकाणी पडदे आणि की-बोर्ड ठेवलेले. तिथे बसायचं, पत्र टाइप करायचं, पत्र ज्याच्या त्याच्या पेटीत. बाहेरगावचं असलं तर मशीन स्वतः मुंबईला फोन लावायचं आणि तिथल्या मशीनशी भयंकर किंचाळत बोलायचं. अडचण एवढीच की संस्थेत एसटीडीचा फोन एकच, तो डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर, त्याच्या डायलला कुलूप आणि कुलपाची किल्ली त्यांच्या पीएकडे. पराते रोज दुपारी जाऊन किल्ली मागायचा. एकदा मशीन बोलत असताना साहेबांनी रिसीव्हर उचलला. कानात ती किंकाळी शिरली आणि साहेब पीएवर ओरडले, "अहो, फोनमध्ये कोंबडं कापतायत!" फोन आपटला. त्या दिवशीची सगळी पत्रं अर्ध्या रस्त्यात मेली.

मशीनला नाव द्यायचं होतं. बाहेरचे लोक पत्रावर तेच नाव लिहिणार. नाव सात इंग्रजी अक्षरांत बसलं पाहिजे, असं परातेनं लिहून कळवलं. समिती बसली. डायरेक्टरांना संस्थेचं अख्खं नाव हवं होतं, 'केंद्रीय' या शब्दासकट. समितीत कुणी थोर शास्त्रज्ञांची नावं सुचवली, कुणी नद्यांची, एकाने स्वतःच्या नातवाचं. फाइल फिरत राहिली. तोवर काम अडू नये म्हणून परातेनं तात्पुरतं नाव टाकलं: उमरेड. ते कायमचं चिकटलं. पुढे जर्मनीच्या एका शास्त्रज्ञानं आम्हाला कॅलेंडर पाठवलं ते थेट उमरेडच्या पोस्टात जाऊन पडलं. परातेनंच ते येताना आणलं. आधी त्यातलं बर्फाचं एक चित्र फाडून घरी ठेवून आला होता.

मशीन सुरू झालं त्या दिवशी त्यानं सगळ्यांच्या पेटीत एकच ओळ टाकली. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत: "पोचलं का?"

मग वाट पाहत बसला. एका विभागप्रमुखांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, 'पोचले'. दुसऱ्यांनी इंटरकॉमवर सांगितलं. तिसरे स्वतः येऊन पाठ थोपटून गेले. आमचे प्रशासन अधिकारी पेंढारकर साहेब यांनी त्या ओळीचा कागदावर छापा काढवून घेतला, त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला, सही केली आणि तो फाइलला लावला. मशीनवरून उत्तर एकाचंही नाही.

"पण पोचलं ना सगळ्यांना?" मी म्हटलं.

"नाही वं बाई. जवाब त्याच रस्त्यानं आला तर रस्ता आहे म्हणायचं. हे तर सगळे पायी आले."

हे 'पोचलं का' त्याच्या तोंडी बसलेलंच होतं. कुणी गावाला जाऊन आलं की हाच प्रश्न. मुलीला सासरी सोडून आलेल्या माणसालाही हाच. आणि पोचलं म्हटलं की पुढचं काही विचारायचा नाही. पत्रात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. "मी डाकिया आहे. डाकिया लिफाफा पाहते, चिठ्ठी वाचत नाही," असं म्हणायचा, आणि ते त्यानं अक्षरशः पाळलं.

आता पेंढारकर साहेब. हा मनुष्य घरात बायकोकडे मीठ मागायचं तरी थ्रू प्रॉपर चॅनेल मागत असावा. मशीनवरून कुठलाही कनिष्ठ माणूस उठून थेट डायरेक्टरांना, इतकंच काय, थेट परदेशात लिहू शकतो, हे त्यांना उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांचा चहा निवला. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी विभागप्रमुख, मग प्रशासन अधिकारी, मग डायरेक्टर यांच्या पेटीतून पुढे जाईल. बाहेरून आलेलं त्याच पायऱ्यांनी खाली उतरेल. प्रत्येक पायरीवर 'पुढील कार्यवाहीसाठी सविनय सादर' ही ओळ चढेल. अधिकारी रजेवर असेल तर त्याची पत्रं त्याचा चार्ज ज्याच्याकडे, त्याच्या पेटीत आपोआप जातील. सोबत संस्थेचा तक्ता जोडला होता: कोणाच्या वर कोण, कोणाच्या खाली कोण. त्या तक्त्यात लायब्ररी नव्हती. ती कधीच नसायची. म्हणून तर मला बढती नव्हती आणि टेबलफॅनही नव्हता.

पराते एकदाच भांडला. मशीनमध्ये मूळचीच एक सोय होती. पत्र इकडून तिकडे उगाच फिरत राहिलं तर मशीन ते थांबवायचं आणि लिहिणाऱ्याला परत करायचं. पेंढारकरांनी ती काढायला सांगितली.

"सर, हे राहू द्या. नाहीतर फिरलं तर फिरतच राहीन."

"पत्र परत करण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला असतो, पराते. तुमचं मशीन कुठल्या ग्रेडचं आहे?"

परातेच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो अगदी आदबीनं म्हणाला, "बरोबर आहे सर. लेखी द्या."

लेखी मिळालं. मग आठवडाभर बसून त्यानं पोथी नव्यानं लिहिली, आणि अशी मन लावून लिहिली की परिपत्रकातला काना-मात्रा सोडला नाही. मी म्हटलं, "अहो, हा शुद्ध वेडेपणा आहे. तुम्हाला कळतंय, तरी करताय?"

"बाई, मी विणकराचा पोरगा. गिऱ्हाईकानं सांगतलं तसं विणून देतो. नेसायचं त्यायले आहे."

खरं सांगते, तो मजा घेत होता. एवढंच काय ते स्वतःच्या मनानं केलं की ज्या पत्राचा पत्ताच लागत नाही ते माझ्या पेटीत सोडलं. "तुमच्याकडं तसंही कोणी येत नाही," म्हणे.

त्या सुमारास मेश्राम माझ्याकडे रोज यायला लागली. राखेच्या विटांवर काम करणारी ज्युनिअर शास्त्रज्ञ. हुडकेश्वरहून सायकलने यायची. तेव्हा तिकडे अर्धा रस्ता शेतातूनच होता. वडील मिलमध्ये, घरातली पहिली एम.एस्सी. तिच्या विटांवरचा लेख वाचून परदेशातल्या एका प्राध्यापकानं तिला वर्षभर आपल्या प्रयोगशाळेत बोलवायचं मनावर घेतलं होतं. त्यानं पोस्टानं कळवलं होतं: 'अंतिम निर्णय या आठवड्यात संगणकावरून पाठवतो. शुक्रवारपर्यंत तुझा होकार त्याच मार्गानं आला पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला द्यावी लागेल.'

"बाई, हरवलेलं तुमच्याकडे येतं ना? माझं काही आलं का?" दारातूनच विचारायची. आत यायचाही धीर नसायचा. मी नाही म्हटलं की हसून म्हणायची, "येईल, येईल," आणि ते माझीच समजूत घातल्यासारखं वाटायचं.

गुरुवारी सकाळी मशीन बंद पडलं. पोटात जागाच उरली नव्हती. पराते आत शिरला, आणि थोड्या वेळानं प्लायवूडपलीकडून असं काही हसू ऐकू आलं की मी धावत गेले. खुर्चीत वाकडा होऊन तो डोळे पुसत होता.

झालं होतं ते असं. मेश्रामचे विभागप्रमुख डॉक्टर कानिटकर मुलीच्या लग्नासाठी इंदूरला गेले होते; त्यांचा चार्ज पेंढारकरांकडे. पेंढारकर साहेब प्रवास सवलत घेऊन सहकुटुंब कन्याकुमारीला. त्यांचा चार्ज कानिटकरांकडे. दोन्ही ऑर्डरी एकाच ऑफिसातून, एकाच टायपिस्टनं काढलेल्या, दोन्हींवर पेंढारकरांचीच सही. त्यामुळे वरून उतरलेलं प्रत्येक पत्र पेंढारकरांच्या पेटीत जायचं, तिथून कानिटकरांच्या, तिथून परत पेंढारकरांच्या. प्रत्येक फेरीला मशीन माथ्यावर 'सविनय सादर' चढवायचं. आठवडाभराची पत्रं अशी फिरून फिरून फुगली होती, आणि त्यांना परत पाठवायचा मशीनला अधिकार नव्हता.

"पाहा बाई, पाहा," पराते म्हणाला, "साहेब कन्याकुमारीत अन् त्यायचं प्रशासन इथं फुगडी खेळून राहिलं!"

तेवढ्यात दारात मेश्राम. सगळं ऐकून उभी. "सर," ती म्हणाली, "माझंही त्याच्यातच असेल का?"

त्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. माणसाचा चेहरा असा पडलेला मी फार वेळा पाहिला नाही. पडद्याकडे वळून तो कितीतरी वेळ लिफाफे खाली सरकवत बसला, मग हळूच म्हणाला, "आहे. तुह्या नावाचं एक आहे. बाहेरदेशातून."

"काय लिहिलंय?"

"मी आतलं वाचत नाही, पोरी."

मी चिडून म्हटलं, "मग तेवढं एक काढून द्या ना तिला!"

"देतो. पण हिचा जवाब बाहेर जायले पुन्हा तोच रस्ता आहे ना? वर चढून कानिटकर, पेंढारकर, कानिटकर, पेंढारकर." डोकं धरून बसला. "मीच विणलं वं बाई हे. हौसेनं विणलं."

चार्ज बदलला असता तर गाठ सुटली असती. पण त्याला ऑफिस ऑर्डर हवी, ऑर्डरवर सही पेंढारकरांची. पराते डायरेक्टर साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "मी प्रशासनात ढवळाढवळ करत नाही. आणि हे बघा, उद्या दिल्लीचे पाहुणे येतायत मशीन बघायला. आत जे साचलंय ते सगळं पुसून टाका. मशीन चालू दिसलं पाहिजे."

"सर, त्याच्यात लोकायची पत्रं आहेत."

"पत्रं काय, पुन्हा येतील."

परत येऊन त्यानं साहेबांचा हुकूम आम्हाला सांगितला. मेश्राम खिडकीशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. साडेपाच वाजले. डबा टेबलावर तसाच. मी म्हटलं, "पराते, तुमची एसटी."

"जाऊ द्या तिले," तो म्हणाला आणि पोथी उघडून बसला.

पुसलं त्यानं काहीच नाही. पत्रं पुसायच्या ऐवजी चॅनेलच पुसला. पायऱ्या, चार्ज, 'सविनय सादर', सगळं. शुक्रवारी सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा अडकलेलं प्रत्येक पत्र सरळ ज्याच्या त्याच्या पेटीत जाऊन पडलं, मेश्रामच्या पेटीत तिच्या निवडीचं.

तो दिवस आमच्या संस्थेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा होता. लिहिला गेला तो मेमोत. सकाळी डायरेक्टर साहेबांनी पेटी उघडली तर पहिलंच पत्र प्रयोगशाळेतल्या एका सहायकाचं: मागच्या बाजूच्या मुतारीचा नळ दोन पावसाळे गळतोय. साहेबांना हे प्रथमच कळत होतं. पाहुणे येणार या धास्तीनं त्यांनी प्लंबरला हाक मारली आणि नळ त्याच सकाळी दुरुस्त झाला. लोक जाऊन जाऊन तो नळ बघून येत होते.

दुपारी दिल्लीचे पाहुणे आले. साहेबांनी स्वतः फोनच्या डायलचं कुलूप काढलं आणि परातेला म्हणाले, "काहीतरी पाठवून दाखवा."

"खरंखुरंच दाखवतो सर," पराते म्हणाला आणि मेश्रामला पुढे बोलावलं. तिनं उभ्या उभ्याच दोन ओळींचा होकार टाइप केला. मशीननं मुंबईला फोन लावला, किंचाळलं, थांबलं, आणि पत्र गेल्याची खूण पडद्यावर आली. पाहुणे "वा!" म्हणाले. साहेब छाती पुढे काढून म्हणाले, "आमचे तरुण शास्त्रज्ञ असे जगाशी थेट जोडलेले आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी खूश होऊन मशीनला स्वतंत्र फोन मंजूर केला. पराते भिंतीला टेकून उभा होता आणि टाळ्या वाजवत नव्हता. मेश्रामकडे पाहत होता.

सोमवारी पेंढारकर साहेब शंखशिंपले घेऊन परतले. मंगळवारी परातेला मेमो मिळाला: सक्षम अधिकाऱ्याची परवानगी न घेता पत्रे पोचती केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? मी मेमो दोनदा वाचला. मला वाटलं टायपिस्टची चूक असेल. चूक नव्हती. डायरेक्टर साहेबांनी नेहमीप्रमाणे ढवळाढवळ केली नाही. हुकूम झाला की चॅनेल तक्त्याप्रमाणे जसाच्या तसा पुन्हा लावा, खोलीची किल्ली द्या आणि भांडारात रुजू व्हा.

त्यानं जसाच्या तसा लावला. स्वतःचा खुलासाही त्याच चॅनेलनं पाठवला, तो पुढे कितीतरी दिवस विचाराधीन होता. मग फिनेलचे डबे, झाडू आणि ट्यूबलाइटच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसला. नागपुरात ते काम येणारा उरलेला एकमेव माणूस आता मागणी येईल तसे खराटे देत होता. पेंढारकरांनी त्याची मशीनमधली पेटीही बंद करवली. मला इतका संताप आला होता की मी पेंढारकरांशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मी तक्त्यात नव्हतेच.

मेश्राम जायच्या आदल्या दिवशी भांडारात गेली होती, पाया पडायला. तो पाय मागे घेत म्हणाला, "पोचली की कळव." बस, एवढंच.

बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी मी निघण्याआधी माझी पेटी उघडली. एक पत्र आलं होतं, मेश्रामनं परदेशातून पाठवलेलं, परातेच्या नावाचं. त्याची पेटी बंद, म्हणून पत्ता न लागलेल्यात माझ्याकडे उतरलेलं. तळाशी त्याचीच जुनी ओळ होती, मशीन सुरू झालं त्या दिवशीची: "पोचलं का?" आणि वर उत्तर, एका शब्दाचं: "पोचले."

मी छापा काढला आणि धावले. पराते डबा घेऊन भांडाराला कुलूप लावत होता. कागद हातात घेतला, वाचला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. तो पुसून होईना.

"काय उत्तर पाठवू तिला?" मी विचारलं. "आणि पाठवू तरी कसं? वर पेंढारकरांकडे जाईल ना?"

"तुमचं कसं जाईन?" तो म्हणाला. चष्मा लावला तेव्हा डोळ्यांत तीच जुनी चमक होती. "तक्त्याप्रमाणे जसाच्या तसा लावा म्हणे. जसाच्या तसा लावला. तक्त्यात लायब्ररी आहे कोठं? तुमच्यावर साहेबच नाही वं बाई."

"अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"इचारलं कोणं?" म्हणाला, कागदाची घडी खिशात सरकवली आणि एसटीसाठी पळाला. फाटकाशी वळून ओरडला, "थेट पाठवा!" नंतर त्याची बदली झाली, माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो असाच राहिला आहे, डबा काखेत धरून फाटकातून धावत जाणारा.

मी परत लायब्ररीत आले, दिवा लावला, आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं: "परातेंना पोचलं." पुढचं बटण दाबताना सवयीनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. प्लायवूडच्या पलीकडे मशीननं मुंबईला फोन लावला आणि किंचाळायला लागलं.